मुका सोबती, परके वन आणि प्रमादाचा प्रश्न

जो जीव स्वतःच्या इच्छेने प्रवासाला निघालेला नाही, आपण कुठे चाललो आहोत हे ज्याला ठाऊक नाही आणि जो केवळ धन्यावरच्या विश्वासाने परक्या भूमीवर पाय ठेवतो, त्याला तिथे इजा झाली तर तिचे उत्तरदायित्व कोणाकडे जाते, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटला तरी मुळात धर्माचा आहे. आणि इजा करणारा दुसरा जीवही तितकाच अजाण, आपल्याच घरी आपल्याच वाटेने चाललेला असेल, तर तो प्रश्न अधिकच बिकट होतो. दक्षिण युरोपातील पाइनच्या वनांत दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस नेमका असाच प्रसंग पुन्हा पुन्हा उभा राहतो. एका बाजूला माणसाबरोबर आलेला कुत्रा असतो, दुसऱ्या बाजूला झाडावरून उतरून मातीकडे निघालेली सुरवंटांची रांग असते, आणि या दोघांच्या मध्ये, हातात दोर धरून, ज्याला या दोघांविषयी काही ठाऊक असायला हवे होते असा एक मनुष्य उभा असतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय तो मनुष्य आहे.

स्पेन, पोर्तुगाल, दक्षिण फ्रान्स, इटली आणि भूमध्य समुद्राच्या काठचे इतर प्रदेश यांत पाइन वृक्षांवर (हिमालयातला चीड हा याच कुळातला) एका करड्या, दिसायला सामान्य अशा पतंगाचे सुरवंट वाढतात. डेनिस आणि शिफरम्युलर या व्हिएन्नातील अभ्यासकांनी १७७५ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. आज त्याचे नाव थॉमेटोपिया पिटिओकांपा असे आहे, आणि त्यातला दुसरा शब्द ग्रीक भाषेतील ‘पिटिस’ म्हणजे पाइन व ‘कांपे’ म्हणजे सुरवंट या दोन शब्दांपासून झाला आहे. स्पेनमधील लोक मात्र त्याला ‘प्रोसेसिओनारिया’ म्हणतात, म्हणजे मिरवणुकीने चालणारा. उन्हाळ्यात मादी पाइनच्या सुयांसारख्या पानांभोवती शेकडो अंडी घालते; त्यांतून निघालेले सुरवंट फांद्यांच्या टोकांशी, जिथे ऊन पोचते तिथे, रेशमाचे पांढरे घरटे विणून त्यात हिवाळा काढतात, दिवसा आत राहतात आणि रात्री बाहेर पडून पाने खातात. थंडी ओसरू लागली की जानेवारी ते एप्रिल या काळात, प्रदेशाच्या उष्णतेनुसार कुठे लवकर तर कुठे उशिरा, ते सारे एकापाठोपाठ एक, पुढच्याच्या शेपटीला मागच्याचे डोके टेकलेले, अशा अखंड रांगेने खोडावरून खाली उतरतात आणि कोशात जाण्यासाठी मऊ माती शोधत निघतात. ही रांग कधी हातभर असते, तर कधी कित्येक मीटर लांब. ज्या आठवड्यांत स्पेनच्या रस्त्यांवर ईस्टरपूर्व पवित्र सप्ताहाच्या मिरवणुका निघतात, बहुधा त्याच्या थोडे आधी किंवा त्याच सुमारास वनातली ही दुसरी मिरवणूक चालू असते, आणि दोन्हींना नाव एकाच शब्दावरून पडले आहे.

फ्रान्समधील सेरिन्यां येथे राहणारे कीटकनिरीक्षक झां-आंरी फाब्र यांनी १८९६ मध्ये या सुरवंटांची रांग एका मोठ्या कुंडीच्या काठावर वर्तुळात अडकवली, तेव्हा पुढे कोणी नाही आणि मागे कोणी नाही अशा त्या चक्रात ते सुरवंट सात दिवस फिरत राहिले. हा प्रयोग पुढे अंधानुकरणाचा दाखला म्हणून इतक्या वेळा सांगितला गेला, की त्या जीवांची खरी स्थिती त्यात हरवली. झाडावर आणि जमिनीवर हीच रांग त्यांना सांभाळते. प्रत्येक जण मागे रेशमाचा धागा सोडत जातो आणि मागे ठेवलेल्या अशा खुणांवरून त्यांना परतीची वाट सापडते; गोल काठावर ते आपण होऊन चढले असले, तरी तिथून खाली उतरण्याची वाट माणसाने पुसून टाकली होती. ज्या जीवाची वाट दुसरा कोणी बदलतो त्याचे ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही, ही गोष्ट इथे ध्यानात ठेवावी, कारण कुत्र्याच्या बाबतीत तीच पुन्हा येणार आहे.

या सुरवंटांचे विष दातांत किंवा नांगीत नसते. वाढीच्या तिसऱ्या अवस्थेपासून त्यांच्या पाठीवर लाखो सूक्ष्म केस उगवतात, ज्यांची लांबी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीच असते, ज्यांच्या टोकाला काटे असतात आणि ज्यांत थॉमेटोपोइन नावाचे प्रथिन असते. सुरवंट बिथरला की हे केस सुटून हवेत पसरतात. खाजकुइलीची शेंग ज्याने कोकणात किंवा सह्याद्रीत चुकून हाताळली आहे त्याला या केसांची जात समजायला वेळ लागणार नाही. फरक एवढाच की इथे दाह कातडीवर थांबत नाही. कुत्रा कोणतीही नवी वस्तू नाकाने आणि जिभेने ओळखतो. जमिनीवरून संथपणे सरकणारी ती रांग दिसताच तो तिला हुंगतो, चाटतो, कधी एखादा सुरवंट तोंडात धरतो, आणि काही मिनिटांतच लाळ गळू लागते, तो पंजांनी तोंड खाजवू लागतो, जीभ व ओठ सुजतात, उलट्या होतात, क्वचित श्वास कोंडतो. पुढच्या काही दिवसांत जिभेचा काही भाग काळा पडून गळून जाऊ शकतो, आणि उपचार उशिरा मिळाले तर कुत्रा दगावतोही. ज्या भागात हे सुरवंट नेहमीचे आहेत तिथल्या पशुवैद्यांना ही लक्षणे पाहताक्षणी कळतात. बाहेरून आलेल्या प्रवाशाला मात्र सुरवंट ही निरुपद्रवी वस्तू वाटते, आणि कुत्र्याने काहीतरी खाल्ले असावे अशा समजुतीत तो मोलाचा अर्धा तास घालवतो.

कुत्र्याला परदेशी नेण्याचे नियम पाहिले तर त्यांतून एक विचित्र विषमता दिसते. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा असेल तर त्याच्या कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप असावी लागते, रेबीजची लस घ्यावी लागते, लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त तपासून त्यातील प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असल्याचे दाखवावे लागते आणि त्या तपासणीनंतर आणखी तीन महिने थांबावे लागते. ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे या देशांत शिरताना २४ ते १२० तास आधी पट्टकृमीवरचे औषधही द्यावे लागते. हे नियम योग्यच आहेत. पण ते सर्व, एकूण एक, कुत्रा त्या देशाला कोणता धोका पोचवील याचीच चौकशी करतात. तो देश कुत्र्याला कोणता धोका पोचवील, हे एकही कागद विचारत नाही. राज्यसंस्थेचे कर्तव्य तिच्या रहिवाशांपुरते असते, म्हणून तिला याबद्दल दोष देता येत नाही. त्यामुळे प्रश्नाचा जो अर्धा भाग कायद्याच्या हद्दीबाहेर उरतो तो सगळा दोर धरणाऱ्याच्या अंगावर येतो, आणि धर्मविचाराचे क्षेत्र नेमके तिथून सुरू होते.

भारतीय परंपरेत कुत्रा आणि प्रवास यांची गाठ घालणारा सर्वांत गंभीर प्रसंग महाभारताच्या अठरापैकी सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात आहे. पाच पांडव व द्रौपदी हस्तिनापूर सोडून निघतात तेव्हा एक कुत्रा सातवा सोबती होऊन त्यांच्यामागे चालू लागतो; बाकीचे वाटेत पडतात, आणि शेवटी इंद्राच्या रथापाशी युधिष्ठिर आणि तो कुत्रा एवढेच उरतात. कुत्र्याला स्वर्गात जागा नाही असे इंद्र सांगतो, तेव्हा युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो, आणि भक्ताचा त्याग हे शरणागताला परत देण्याइतकेच घोर पाप आहे अशी त्याची बाजू असते. महाभारत या वृत्तीला ‘आनृशंस्य’ म्हणते. नृशंस म्हणजे क्रूर, आणि आनृशंस्य म्हणजे क्रूरतेचा अभाव. परंतु हा शब्द निषेधात्मक असूनही ग्रंथात त्याचा अर्थ फार भरीव आहे, कारण ज्याच्यापासून काहीच मिळायचे नाही अशा दुबळ्याचीही बाजू न सोडणे असा तो घेतला जातो. अहिंसा जिथे प्रत्येक जीवाला एकाच अंतरावरून पाहते, तिथे आनृशंस्य नात्याने बांधलेल्या जीवाकडे जवळून पाहते. पाळलेल्या कुत्र्याविषयीचे कर्तव्य समजून घ्यायचे तर हा दुसरा शब्द अधिक उपयोगाचा आहे.

मात्र या कथेचा दाखला देताना एक भेद सहसा सुटून जातो. युधिष्ठिराच्या मागे तो कुत्रा आपण होऊन आला होता, त्याला कोणी पिंजऱ्यात घालून विमानाच्या पोटात ठेवले नव्हते. जो आपण होऊन मागे येतो त्याला न सोडणे एवढेच जर इतके मोठे कर्तव्य असेल, तर ज्याला आपल्या सोयीसाठी, आपल्या सहलीसाठी किंवा आपल्या नोकरीच्या बदलीसाठी नेले जाते त्याच्याविषयीचे कर्तव्य त्याहून मोठे असले पाहिजे, कारण तिथे संकटाच्या जागी पोचवणारा आणि संकटातून वाचवण्यास बांधलेला मनुष्य एकच असतो. आपल्या गावात कुत्र्याला बरेच काही कळते: कोणत्या गल्लीत दुसऱ्या कुत्र्यांची हद्द आहे, कोणत्या घरातून दगड येतो, कोणत्या वासापासून दूर राहावे. हे ज्ञान त्याने वर्षानुवर्षांच्या अनुभवातून मिळवलेले असते. हजारो किलोमीटर दूर नेताच त्यातील पुष्कळ एका दिवसात निरुपयोगी होते, आणि ते हिरावून घेणाऱ्यावर त्याची भरपाई स्वतःच्या ज्ञानाने करण्याचे ऋण येते.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. प्रवाशाच्या मनात कुत्र्याला इजा व्हावी असे कधीच नव्हते. उलट त्याच्यावरच्या प्रेमापोटीच त्याने त्याला बरोबर आणले. बौद्ध विचारात कर्माचे मर्म ‘चेतना’, म्हणजे कृतीमागचा संकल्प, हे मानले जाते; मग जिथे दुष्ट संकल्पच नाही तिथे पाप कसले? याचे उत्तर जैन तत्त्वचिंतनाने फार पूर्वी दिले आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या येते तिचा गाभा ‘प्रमाद’ या शब्दात आहे. प्रमाद म्हणजे असावधपणा, जे पाहायला हवे ते न पाहता मन, वाणी व शरीर यांना मोकळे सोडणे. या मतानुसार सावधपणे पाऊल टाकणाऱ्याच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तर त्याला हिंसेचे बंधन तसे लागत नाही, आणि बेफिकिरीने चालणाऱ्याच्या पायाखाली योगायोगाने कोणीच आले नाही तरी तो निर्दोष ठरत नाही. दोष परिणामाने ठरत नाही आणि केवळ हेतूनेही ठरत नाही. लक्ष कुठे होते यावर तो ठरतो. या कसोटीवर, पाइनच्या वनात दोर सोडून देणाऱ्या प्रवाशाचा कुत्रा सुखरूप परतला तरी त्याचा प्रमाद घडून गेलेला असतो.

विशेष असे की नेमक्या याच सुरवंटाच्या संदर्भात प्राचीन रोमच्या कायद्यानेही जवळजवळ हाच विचार केला होता. रोमचा हुकूमशहा सुल्ला याने इसवी सनपूर्व ८१ मध्ये खून व विषप्रयोग यांविरुद्ध केलेला कायदा पुढे सिनेटच्या एका ठरावाने औषधविक्रेत्यांनाही लागू झाला, आणि सम्राट जस्टिनियनच्या ५३३ मधील ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात त्यासंबंधीचे जे वचन जपले गेले आहे त्यात जी द्रव्ये बेफिकिरीने कोणाला दिल्यास शिक्षा होईल अशांची यादी येते. तिच्यात बचनाग व इतर विषारी वनस्पतींच्या जोडीला ‘पिट्युओकांपा’, म्हणजे पाइनवरचे सुरवंट, हेही नाव आहे. तिथे वापरलेला लॅटिन शब्द ‘तेमेरे’ हा आहे, ज्याचा अर्थ विचार न करता, पुढे काय होईल याची पर्वा न बाळगता असा होतो. दुष्ट हेतू सिद्ध झाला नाही तरी असावधपणा पुरेसा, हे तत्त्व जैन आचार्यांनी आत्म्याच्या बंधनाच्या भाषेत मांडले आणि रोमन विधिज्ञांनी शिक्षेच्या भाषेत. एकमेकांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता अशा दोन विचारपरंपरा एकाच ठिकाणी येऊन पोचतात, तेव्हा त्या ठिकाणी काही खरे सापडले असण्याचा संभव मोठा असतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळले पाहिजे, कारण कुत्र्याचे रक्षण म्हणजे सुरवंटांचा नाश असे समीकरण बहुतेक ठिकाणी चर्चेविना गृहीत धरले जाते. याच महाभारताच्या आदिपर्वात माण्डव्य ऋषींची कथा आहे. चोरांनी लपवलेल्या ऐवजावरून निरपराध माण्डव्यांना राजाने सुळावर चढवले. पुढे त्यांनी धर्माला, म्हणजे कर्मांचा न्याय करणाऱ्या देवतेला, जाब विचारला, तेव्हा लहानपणी तुम्ही किड्यांना गवताच्या काड्या टोचल्या होत्या, त्याचे हे फळ, असे उत्तर मिळाले. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा अन्यायाची आहे असे म्हणून माण्डव्यांनी धर्माला मनुष्यजन्माचा शाप दिला, ज्यातून विदुर जन्मला, आणि चौदा वर्षे वयापर्यंत अजाणतेपणी केलेल्या कृत्याचे पाप लागणार नाही अशी मर्यादा घातली. या दोन कथा सहसा शेजारी ठेवून वाचल्या जात नाहीत, पण त्या तशा वाचायला हव्यात. पहिलीत कुत्र्याच्या रूपाने चालत आलेला आणि शेवटी प्रकट झालेला तो धर्मच आहे. दुसरीत किड्यांच्या वेदनेचा हिशेब ठेवणारा न्यायाधीशही धर्मच आहे. कुत्र्याचा कैवार घेताना किड्याला हिशेबातून वगळावे, अशी मुभा त्या देवतेने कुठेच दिलेली दिसत नाही. माण्डव्यांचे म्हणणे किड्याची वेदना शून्य आहे असे नव्हते. शिक्षा प्रमाणात असावी आणि अजाणाला सूट मिळावी एवढेच ते होते. ती सूट घेण्याचा अधिकार कुत्र्याला आहे आणि सुरवंटालाही आहे. प्रौढ प्रवाशाला तो नाही.

जैन विचार जीवांची मांडणी त्यांना असलेल्या इंद्रियांवरून करतो: कृमींना दोन, मुंगीला तीन, भुंग्याला चार आणि कुत्रा, मनुष्य यांसारख्यांना पाच. यावरून पंचेंद्रिय जीवासाठी कमी इंद्रियांच्या जीवाचा बळी देणे रास्त, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. ही मांडणी हिंसेचे गांभीर्य कमी-जास्त ठरवते हे खरे, पण हिंसा अहिंसा होते असे ती म्हणत नाही. गृहस्थासाठी याच परंपरेने हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात अटळपणे होणारी ती आरंभी, उपजीविकेच्या उद्योगात होणारी ती उद्योगी आणि हल्ल्याला तोंड देताना घडणारी ती विरोधी. यांतील संकल्पी हिंसा गृहस्थानेही पूर्णपणे टाळावी अशी अपेक्षा असते. सुरवंट हल्ला करत नाही. तो मातीकडे निघालेला असतो आणि त्याचे केस हे त्याचे चिलखत असते. म्हणून वाटेत दिसलेली रांग जाणूनबुजून चिरडणाऱ्या प्रवाशाला विरोधी हिंसेचे समर्थन मिळत नाही, ती संकल्पीच ठरते. शाळेच्या अंगणातील पाइनवरचे घरटे काढणाऱ्या नगरपालिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे मुले रोज खेळतात, अंगण हलवता येत नाही, आणि फ्रान्सने एप्रिल २०२२ मध्ये या सुरवंटाला मानवी आरोग्यास अपायकारक जीवांच्या यादीत घातले त्यामागे असाच विचार आहे. राहणाऱ्याला जे टाळता येत नाही ते चार दिवसांच्या पाहुण्याला वाट बदलून टाळता येते, आणि जे टाळता येते ते अटळ म्हणून खपवणे हा स्वतःशीच केलेला खोटेपणा आहे.

अल्बर्ट श्वाइत्झर यांनी आफ्रिकेतील ओगोवे नदीवर प्रवास करताना १९१५ मध्ये ‘जीवनाविषयी पूज्यभाव’ ही कल्पना मांडली, आणि पुढे आपल्या आत्मवृत्तात त्यांनी एक कोडे प्रांजळपणे नोंदवले: मत्स्यगरुडाचे एक पिल्लू त्यांनी क्रूर हातांतून सोडवण्यासाठी विकत घेतले, आणि मग रोज त्याला जगवण्यासाठी मासे मारायचे की त्याला उपाशी मरू द्यायचे, हे ठरवण्याची पाळी त्यांच्यावर आली. एका जीवाचे पालकत्व पत्करताच दुसऱ्या जीवांच्या मृत्यूत वाटा उचलावा लागतो, हे त्यांनी लपवले नाही, आणि या कोड्याला त्यांनी सोयीचे उत्तरही शोधले नाही. कुत्रा आणि सुरवंट यांचे कोडे मात्र त्याहून पुष्कळ सोपे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. गरुडाला मासे लागतातच. कुत्र्याला सुरवंट लागत नाहीत. इथे दोघांनाही जगू देणारा मार्ग अस्तित्वात आहे आणि त्याची किंमत फक्त धन्याच्या लक्षाने चुकवायची आहे.

तो मार्ग बारकाईने पाहण्यासारखा आहे. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत पाइनच्या वनातून कुत्र्याला आखूड दोराने न्यावे किंवा ती वाट सोडून समुद्रकाठची, गवताळ किंवा इतर झाडांची वाट धरावी; मुक्कामाच्या जागी आधी विचारून घ्यावे; घरट्याखालची जमीन, रांग दिसत नसली तरी, टाळावी, कारण गळालेले केस कित्येक महिने, कधी त्याहूनही अधिक काळ, दाहक राहतात. संपर्क झालाच तर हातमोजे घालून कुत्र्याचे तोंड भरपूर कोमट पाण्याने, पाणी बाहेर वाहील अशा बेताने, धुवावे. चोळू नये, कारण चोळल्याने केस मोडून आत रुततात. त्याला पंजे चाटू देऊ नयेत, आणि लक्षणे वाढण्याची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. घरटे काठीने पाडणे, पेटवणे, सुरवंट पायाने चिरडणे यांतले काहीही करू नये, कारण त्याने केस हवेत उधळतात आणि धन्याच्या डोळ्यांत व श्वासात जातात. याचा अर्थ असा की या एका प्रसंगात अहिंसा आणि शहाणपण एकच गोष्ट सांगतात. हा मेळ प्रत्येक ठिकाणी बसतो असे नाही, आणि बसतो म्हणून अहिंसा सिद्ध झाली असेही नाही. पण जिथे तो बसतो तिथे हिंसा निवडणाऱ्याकडे कोणतेही कारण उरत नाही. वनाची स्वतःची व्यवस्थाही या कामी असतेच: टिट नावाचे चिमुकले पक्षी सुरवंट खातात, हुदहुद आपल्या लांब चोचीने मातीतील कोश उकरून काढतो, आणि म्हणून स्पेन व फ्रान्समध्ये टिट पक्ष्यांसाठी झाडांवर घरट्यांच्या पेट्याही टांगल्या जातात.

प्रारब्धाचा आधार घेऊन हा सगळा विचार झटकून टाकणारा एक वर्ग असतो, ज्याच्या मते कुत्र्याच्या नशिबी जे असेल ते होणारच. योगवासिष्ठाने पौरुषाची, म्हणजे आजच्या प्रयत्नाची, जी बाजू उचलून धरली आहे तिच्यापुढे हे म्हणणे टिकत नाही. शिवाय दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हवाला देऊन आपले कर्तव्य टाळणे ही प्रारब्धावरची श्रद्धा नसून आळसाला दिलेले पवित्र नाव आहे. कुत्र्याला घरीच ठेवावे हा दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि ज्या सहलीत कुत्र्याकडे पाहायला वेळच मिळणार नाही तिच्यापुरता तो मान्य करायला हवा. १९२६ मध्ये अहमदाबादेत पिसाळलेल्या कुत्र्यांना मारण्यावरून वाद पेटला तेव्हा गांधीजींनी ‘यंग इंडिया’तील लेखमालेत जी भूमिका घेतली तिचा रोख असा होता, की जीवदया म्हणजे कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य मिळवणे नव्हे, त्याची पुरती जबाबदारी घेणे होय. त्यांचे सर्व निष्कर्ष पटोत वा न पटोत, हे सूत्र पक्के आहे. सोबत नेणे ही दया नाही. सोबत सांभाळणे ही दया आहे.

युरोपात या सुरवंटांचा प्रदेश आता वाढत चालला आहे. हिवाळे सौम्य झाल्यामुळे फ्रान्समध्ये ते गेल्या काही दशकांत उत्तरेकडे पॅरिसच्या परिसरापर्यंत सरकले आहेत. त्यांचाच एक भाऊबंद, ओक वृक्षावर राहणारा मिरवणुकीचा सुरवंट, २००६ मध्ये लंडनमध्ये आढळला, तो युरोपच्या मुख्य भूमीवरून आणलेल्या ओकच्या झाडांवर अंड्यांच्या रूपाने आला होता. म्हणजे ज्याला आज लंडनच्या उद्यानांत उपद्रवी परका ठरवून फवाऱ्याने मारले जाते तोही, कुत्र्याप्रमाणेच, कोणाच्या तरी सोयीसाठी न विचारता नेला गेलेला जीव आहे. माणसाच्या हातून वस्तू, झाडे आणि प्राणी इतक्या वेगाने हलत आहेत की कोण घरचा आणि कोण पाहुणा हे ठरवणेच अवघड झाले आहे. जो हलवतो त्याच्याकडे मात्र प्रत्येक वेळी बोट दाखवता येते.

स्पेनमधून सांतियागोला जाणाऱ्या यात्रामार्गावर आजही काही यात्रेकरू कुत्रा बरोबर घेऊन चालतात, आणि त्या वाटेवरील अनेक चर्चमध्ये संत रॉक यांची मूर्ती दिसते: अंगावर यात्रेकरूचा वेश, मांडीवर प्लेगची जखम, आणि पायाशी तोंडात भाकरी धरलेला कुत्रा. परंपरा सांगते की रोगाने एकट्या पडलेल्या त्या यात्रेकरूला वनात रोज भाकरी आणून एका कुत्र्याने जगवले. मराठी मनाला यावरून नामदेवांची कथा आठवल्याशिवाय राहत नाही, ज्यात कुत्रा भाकरी घेऊन पळतो आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. एकीकडे कुत्रा माणसाला भाकरी देतो, दुसरीकडे माणूस कुत्र्याला तूप देऊ पाहतो, आणि दोन्हीकडे ईश्वराची ओळख त्या देण्यातून पटते. नामदेवांना मागे धावावे लागले, कारण त्या गावाची वाट कुत्र्याला त्यांच्याइतकीच ठाऊक होती. परक्या वनात तसे नसते. तिथे करुणेला मागून धावून भागत नाही, तिला कुत्र्याच्या चार पावले पुढे, जमिनीवर नजर ठेवून चालावे लागते.

माण्डव्यांनी घातलेली चौदा वर्षांची मर्यादा कुत्र्याच्या बाबतीत कधी संपत नाही, कारण त्याचे आयुष्यच बहुधा तेवढे नसते. त्याच्या चुकीचे पाप त्याला लागत नाही, सुरवंटालाही लागत नाही. त्याचा हिशेब दोर धरणाऱ्याच्या नावे लिहिला जातो. म्हणून स्पेन, पोर्तुगाल, इटली किंवा दक्षिण फ्रान्स इथे हिवाळ्याच्या अखेरीस जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने, मग ते पुण्याहून गेलेले असो वा बर्लिनमध्ये स्थायिक झालेले, गाडी थांबल्यावर कुत्र्यासाठी दार उघडण्याआधी स्वतः खाली उतरावे आणि आसपासच्या झाडांच्या शेंड्यांकडे, ऊन पडते त्या बाजूला, पांढरी रेशमी घरटी आहेत का ते पाहून घ्यावे.